एकदम येणारी माणसं

आमच्या घरात गाडी चालवणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे आई. बाबांकडे लायसन्स होतं, पण ते पाकिटात ठेवण्यापुरतं. सांगलीला असताना त्यांनी एकदा गाडी सुरू केली, दारातल्या जास्वंदीवर घातली, उतरले आणि म्हणाले, "झालं, माझं शिकून झालं." त्यानंतर ते स्टिअरिंगला कधी शिवले नाहीत. सरकारी बँकेतली नोकरी, त्यामुळे बदली ठरलेली. कलकत्त्याची ऑर्डर आली तेव्हा सगळे नातेवाईक सांगू लागले, गाडी विकून टाका, तिथे ट्राम आहे, मेट्रो आहे, टॅक्स्या आहेत, शिवाय तिथली वाहतूक म्हणजे बापरे. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मलाही विका." झालं, विषय संपला. आमची छोटी पांढरी गाडी ट्रकात चढली आणि आमच्याआधीच बागबाजारला पोचली.

बागबाजारला बँकेच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्हाला जागा मिळाली होती. मी तेव्हा नुकतीच कॉलेजात जायला लागले होते आणि सांगलीच्या मैत्रिणींच्या आठवणीनं रोज उशीत तोंड खुपसून रडत होते. खालच्या मजल्यावर एक मासिमा, म्हणजे बंगाली मावशी, राहायच्या. आम्ही मराठी आहोत म्हटल्यावर त्या खळखळून हसल्या. कधीकाळी नागपूरकरांचे घोडेस्वार बंगाल लुटायला आले, त्यांना इथले लोक बर्गी म्हणायचे, आणि त्यांना अडवायला जो खंदक खणला तो म्हणे इथूनच, बागबाजारपासूनच सुरू व्हायचा. पुढे तो बुजवून त्याचा रस्ता केला. बाबांना हे फार आवडलं. ऑफिसातून आले की म्हणायचे, "आपल्याला अडवायला खणलेल्या खड्ड्यावर तुझी आई रोज गाडी फिरवते, बघ." आणि मासिमा जिन्यात आई दिसली, हातात किल्ली दिसली की ओरडायच्या, "की गो बर्गी, कोथाय चोल्ले?" कुठे निघालीस, असं विचारायच्या, पण उत्तराची वाट बघायच्या नाहीत, कारण आईला बंगालीत उत्तर देता यायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. आई नुसती किल्ली हलवून दाखवायची.

मला वाटतं, तिच्या गाडीवरच्या जिवाचं कारण हेच होतं. आईला बंगाली आलं नाही. तिचं हिंदी सांगलीचं, त्यात इंग्रजीची फोडणी. मासेवाल्यासमोर, लायब्ररीत, कॉलेजातल्या माझ्या बाईंसमोर ती गप्प होऊन जायची. आमची आई! जिच्या आवाजाला सांगलीत गल्ली दचकायची, ती इथे भाजीवाल्यासमोर बोट दाखवून "ये, ये" करायची. पण गाडीत बसली की ती परत आई व्हायची. लाल दिवा सगळीकडे लालच असतो, त्याला बंगाली लागत नाही. हावड्याला कुणाच्या घरचं माणूस येणार असलं, तर कलकत्त्यातली चार-दोन मराठी घरं आईला फोन करायची. ती पूल ओलांडून जायची, स्टेशनवरून सासवा, आत्या, भाचे आणि त्यांच्याबरोबरची आमसुलं, चकलीची भाजणी, मेतकूट असं सगळं घेऊन यायची आणि त्यातलं थोडं मेतकूट हक्कानं काढून घ्यायची. कुणाचं हळदीकुंकू असलं की मागच्या सीटवर चार बायका आणि त्यांच्या मांडीवर पातेली. "अगं, तू होतीस म्हणून," असं कुणी म्हटलं की आई वरवर म्हणायची, "हात् तिच्या, त्यात काय," पण त्या दिवशी रात्रीच्या वरणाला खास तुपाची फोडणी बसायची.

तिचं चालवणं मात्र नियमाचं. चौक आला की वेग कमी, पाय ब्रेकवर, आधी उजवीकडे बघायचं, मग डावीकडे, मग परत उजवीकडे. दिवा हिरवा असला तरी बघायचं, कारण "हिरवा आपल्याला आहे, दुसऱ्याच्या डोक्याला नाही." आणि आमच्या गाडीचा एक रिवाज होता. पुढे डावीकडे बसेल त्यानं चौकात डावी बाजू बघून सांगायचं. मोकळं असेल तर "ये", नसेल तर "थांब". बाबा मागे पेपर वाचत बसायचे, म्हणून हे काम माझं. मी लहानपणापासून ते इतकं केलं होतं की रिक्षात बसले तरी तोंडातून "ये" निघायचं आणि रिक्षावाले वळून बघायचे.

पण कलकत्त्याचे चौक! अगं बाई, काय सांगू. सांगलीत चौक म्हणजे चार रस्ते. इथे शामबाजारला पाच रस्ते एकाच जागी येऊन मिळतात, मध्ये घोड्यावरचा पुतळा, आणि आपल्याला नेमकं कुठल्या रस्त्याला लागायचंय हे कळेपर्यंत आपण भलत्याच रस्त्याला लागलेलो. उजवीकडे वळायचं तर वळूच देत नाहीत. पुढे जा, डावीकडे वळा, परत डावीकडे, परत डावीकडे, की झालं उजवीकडे. मधून ट्रामचे रूळ. ट्राम आपल्याला वाट देत नाही, आपण तिला द्यायची. बसचा कंडक्टर दारात लोंबकळत पत्र्यावर थापा मारतो ती कुणासाठी आणि कशासाठी, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. नदीच्या कडेनं गेलं की मध्येच रेल्वेचं फाटक, आणि ते पडलेलं असलं तरी माणसं त्याखालून वाकून खुशाल चाललेली. आई फाटकापाशी इंजिन बंद करून हँडब्रेक ओढून बसायची आणि मागचे सगळे हॉर्न वाजवून तिच्या नावानं शंख करायचे.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे उलटे होणारे रस्ते. इथे कितीतरी रस्ते एकेरी आहेत, पण सकाळी एका दिशेनं आणि दुपारनंतर दुसऱ्या दिशेनं. अजूनही आहेत. नवीन माणसाला हे सांगूनही पटत नाही. पहिल्याच आठवड्यात आई सकाळी ज्या रस्त्यानं मला कॉलेजात सोडायला गेली, त्याच रस्त्यानं दुपारी मला आणायला निघाली, तर समोरून सगळ्या गाड्या तिच्या अंगावर. पांढऱ्या कपड्यातल्या सार्जंटनं थांबवलं. "मॅडम, ये रास्ता अभी उल्टा हो गया है." आई भडकली. "सुबह तो मैं इधरसेच आयी थी! रास्ता उल्टा कैसे होयेंगा? रास्ता क्या पोळी है?" त्या बिचाऱ्याला पोळी कळली नाही, पण त्यानं गाडी मागे घ्यायला मदत केली. संध्याकाळी बाबा हसून हसून खोकायला लागले. त्या दिवसापासून घरात एक गोष्ट पक्की झाली, की हे गावच वेडं आहे. आईचं काही चुकलं, कुठे गाडी घासली, कुणी शिव्या दिल्या, की आम्ही तिघं एका सुरात म्हणायचो, "कलकत्ता!" आणि पुढच्या कामाला लागायचो.

आज मागे वळून बघताना मला या "कलकत्ता"चीच भीती वाटते. सांगलीत असतो तर आठवड्याभरात कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. तिथे तिला रस्त्याचा खड्डान् खड्डा माहीत होता, ती चुकली असती तर सगळे थबकले असते. इथे सगळंच चुकत होतं, त्यात तिचं काय वेगळं दिसणार! गाडीच्या डाव्या बाजूला ओरखडे वाढत गेले. कलकत्ता. घरात ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायची. नवीन घर, अजून सवय नाही. डाव्या हाताशी ठेवलेला चहा सांडायचा, मग मीच ओरडा खायचे, "इथे कुणी ठेवला कप?" मासिमांच्या मांजरावर तिचा पाय पडला, तेव्हा मांजर आडवं आलं म्हणून मांजराला शिव्या. पोळ्या लाटताना मी शेजारी जाऊन उभी राहिले तर दचकायची. "अगं, काय भुतासारखी येतेस!" मी आलेली असायचे चांगली पायांचा आवाज करत. मला वाटायचं, इथे करमत नाही म्हणून तिचं चित्त ठिकाणावर नाही. बाबांना वाटायचं, तिचं वय होतंय. तिला काय वाटत होतं हे तिला कुणी विचारलं नाही.

एकदा पाच रस्त्यांच्या त्या चौकात ट्राम आली. दिवा हिरवा झाला होता, मी डावीकडे बघितलं, ट्राम घंटा वाजवत चांगली दिसत होती, मी "थांब" म्हटलं. आई थांबली. पण थांबल्यावर तिनं विचारलं, "का?" मला वाटलं, थट्टा करतेय. एवढी मोठी ट्राम, तिचा तो घणघणाट, आत लोक खिडकीतून आमच्याकडे बघतायत, आणि ही विचारतेय का! मी म्हटलं, "आई, ट्राम!" तिनं मान पूर्ण वळवली, तेव्हा तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. "ही कुठून आली?" ती म्हणाली. मी काय सांगणार, रुळावरून आली म्हणून? मी हसले. ती पण हसली. घरी जाऊन आम्ही बाबांना सांगितलं की कलकत्त्यात आता ट्रामही आकाशातून पडायला लागल्या. मासिमांना सांगितलं, त्याही हसल्या. पण आईनं नंतर दोन दिवस गाडी काढली नाही, आणि मी कारण विचारलं तर म्हणाली, पेट्रोल वाया कशाला. मला काही कळेना. पेट्रोलची काळजी तिनं आयुष्यात कधी केली नव्हती.

मग आपटे काकांच्या नव्या घराची वास्तुशांत आली. आपटे काका कॉम्प्युटरच्या कंपनीत होते आणि त्यांनी न्यू टाउनला फ्लॅट घेतला होता. आता मी तिथेच राहते, म्हणून सांगते, तेव्हाचं न्यू टाउन म्हणजे नुसते रस्ते होते. इमारती यायच्या होत्या. रुंद, सरळ, कोरे रस्ते, दोन्ही बाजूंना मोकळी जमीन आणि गवत, कुठे तरी लांब एखादी क्रेन. आई बागबाजारहून निघताना कपाळाला आठ्या घालून बसली होती. पण शहर मागे पडलं, तसा तिचा चेहरा खुलला. "हा रस्ता!" ती म्हणाली. "याला म्हणतात रस्ता. ट्राम नाही, फाटक नाही, उलटंसुलटं नाही." गोल चौकात तिनं उजवीकडून येणाऱ्या एका ट्रकला शहाण्यासारखी वाट दिली आणि झोकात वळली. ती गुणगुणायलासुद्धा लागली. त्या दिवशी पुढे बाबा बसले होते, कारण बासुंदीचं पातेलं त्यांच्या मांडीवर होतं आणि मागे मी नवी साडी सांभाळत होते. बाबांना तो डावीकडचा रिवाज माहीत होता, पण रिकाम्या रस्त्यावर कशाला कोण "ये" म्हणतंय.

साधा चौक होता. चार रस्ते, सांगलीसारखे. सिग्नल नाही, गर्दी नाही, झाड नाही, भिंत नाही. डावीकडच्या रस्त्यानं एक माणूस सायकलवर शहाळी लादून येत होता. मला तो केव्हाचा दिसत होता. इतका केव्हाचा, की त्याचा निळा शर्ट, हँडलला दोन्हीकडून लोंबणारे शहाळ्यांचे घड, त्याचं ते दमून दमून पेडल मारणं, सगळं मी बघत बसले होते आणि मनात म्हणत होते, थांबून एक प्यायला हवं. आईनं चौकात सगळं नियमानं केलं. वेग कमी केला. उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. परत उजवीकडे बघितलं. आणि गाडी पुढे घातली.

आवाज फार मोठा झाला नाही. सायकलचं पुढचं चाक आमच्या डाव्या दाराला लागलं, माणूस आडवा झाला, शहाळी रस्ताभर घरंगळली. बाबांच्या मांडीवरची बासुंदी त्यांच्या विजारीत. आम्ही तिघंही बाहेर पडलो. माणूस उठून बसला होता, कोपर सोललं होतं, बाकी, देवाची कृपा, काही नव्हतं. तो रागावलासुद्धा नाही, आधी शहाळी मोजायला लागला. बाबा त्याच्या कोपराला रुमाल बांधत होते, मी शहाळी गोळा करत होते. आई मात्र दाराला धरून उभी होती आणि त्या डावीकडच्या रस्त्याकडे बघत होती. तो रस्ता लांबवर सपाट, मोकळा, पार क्षितिजापर्यंत गेलेला.

"हा कुठून आला?" तिनं विचारलं.

"तिकडूनच, आई. समोर होता."

"नव्हता."

"अगं, मी केव्हापासून बघतेय त्याला!"

ती माझ्यावर खेकसेल असं मला वाटलं. पण ती हळू आवाजात, अगदी समजावून सांगितल्यासारखी म्हणाली, "मनू, इथे माणसं अशीच येतात गं. कलकत्त्यात. एकदम. काही नसतं, आणि एकदम असतात. तुम्हाला नाही का येत तशी?"

मी बाबांकडे बघितलं. रुमालाची गाठ मारता मारता त्यांचे हात थांबले होते. ती खरंच विचारत होती. गेली दीड-दोन वर्षं तिला वाटत होतं की या गावात सगळ्यांनाच असं दिसतं, आणि सगळे तिच्यापेक्षा शहाणे, म्हणून सांभाळून घेतात. आम्ही त्या माणसाला आणि सायकलला सायकलच्या दुकानापर्यंत पोचवलं, चाक सरळ करून दिलं, आणि बागबाजारला टॅक्सीनं परत आलो. गाडी आपटे काकांनी कुणाला तरी पाठवून नेली, ती त्यांच्याच दारात राहिली. वास्तुशांतीचं जेवण आपट्यांनी मागाहून डब्यात घालून पाठवलं, ते तसंच राहिलं.

डोळ्यांचे डॉक्टर वयस्कर होते, थोडं हिंदी, थोडं इंग्रजी बोलायचे. त्यांनी डोळ्यातला दाब मोजला, आत बघितलं, आणि बाबांना समजावून सांगितलं की हा आजार गुपचूप येतो. समोरचं चांगलं दिसतं, वाचता येतं, सुईत दोरा ओवता येतो. कडेचं जातं. आणि तिथे काळोख दिसत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. तिथे नुसतं काही नसतं. आई हे सगळं मान खाली घालून ऐकत होती. मग तिनं एकच प्रश्न विचारला, "गाडी चला सकती ना मैं?" डॉक्टर म्हणाले, आधी नजरेचा पसारा मोजू, मग बघू. बाबा तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तर तिनं खांदा काढून घेतला. ती रागावली नव्हती. घाबरली होती. तिला मी तशी कधी पाहिली नव्हती आणि मला तिच्याकडे बघवेना.

ती तपासणी मी पुढे तिच्याबरोबर कितीदा तरी पाहिली. दर वर्षी असते. आजही तिला नेते मी. आई आता मागच्या सीटवर बसते आणि मला चौकाचौकात सूचना करते, त्यातल्या निम्म्या चुकीच्या असतात आणि मी सगळ्या ऐकते. पण त्या पहिल्या खेपेला मला काही माहीत नव्हतं. अंधारी खोली, एक पांढरा मोठा वाडगा उभा केल्यासारखं यंत्र. त्यात हनुवटी टेकवून एका डोळ्यानं मध्यभागी बघत राहायचं. वाडग्यात इकडेतिकडे बारीक दिवे लागतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं, बस. यंत्र चालवणारा मुलगा मला म्हणाला, तुम्ही माझ्या मागे उभ्या राहा, आवाज करू नका. त्याच्या पडद्यावर कुठे दिवा लागला ते दिसत होतं आणि आईनं बटण दाबलं की तिथे खूण उमटत होती. सुरुवातीला छान चाललं. दिवा, बटण. दिवा, बटण. मग दिवा. परत दिवा. परत दिवा. खोलीत आईच्या श्वासाचा आवाज येत होता. पडद्यावर एकामागून एक जागा येत होत्या आणि जात होत्या, आणि ती बटणावर अंगठा ठेवून शांत, नीट, शहाण्या मुलीसारखी वाट बघत बसली होती.

संपल्यावर तिनं हनुवटी वर केली आणि माझ्याकडे बघून चक्क हसली. "बघ," ती म्हणाली, "उगाच घाबरले. यंत्रच बिघडलंय त्यांचं. मध्ये कितीतरी वेळ दिवे लागतच नव्हते."

खरं सांगावं तर कसं, आणि खोटं सांगावं तर त्या मुलासमोर कसं? मी नुसतं "हं" म्हटलं. ते "हं" तिनं ऐकलं. आईला मराठीतलं "हं" कळायचं, तिला दुसरं काही कळायची गरज नव्हती. तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण खाली काहीतरी सरकलं. ती त्या मुलाकडे वळली. "बेटा, फिर से लगाव ना. एक बार. इस टाइम मैं अच्छेसे देखती."

पहिल्या खेपेला लोक गोंधळतात, असं म्हणत त्यानं परत लावलं. आईनं पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली, हनुवटी टेकवली. या वेळी बटणाचा आवाज लवकर यायला लागला. दिवा, बटण. मग दिवा नाही, तरी बटण. मुलगा हळूच म्हणाला, "मासिमा, आलो देखले तबेई टिपबेन," दिवा दिसला तरच दाबा. ती "हो, हो" म्हणाली, मराठीत, आणि परत दाबलं. शेवटी त्यानं हात उचलून यंत्र थांबवलं आणि माझ्याकडे वळून बघितलं. वाडग्यात आता एकही दिवा लागत नव्हता. मला तिला हाक मारवेना. ती डोळा ताणून, श्वास धरून, समोर बघत बसली होती आणि घाईघाईनं बटण दाबत होती.